हॉस्टेलच्या बाईंचा कोट

(घरातली शिवणाची खोली. दुपार. मुलगी स्टुलावर उभी आहे, अंगात कच्च्या टाक्यांचा कोट. आई खाली बसून टाचण्या लावते आहे.)

मुलगी: आई, पुरे ना आता. हात गळून पडेल माझा.

आई: पडला तर शिवून देईन. हलू नकोस, काखेत सुरकुती येतेय.

मुलगी: दुसऱ्या आयांना मुलगी विद्यापीठात शिकते म्हणून कौतुक असतं. आज दुपारीच सुटले, तर मला घरी आल्या आल्या स्टुलावर चढवतात.

आई: कौतुक आहे म्हणूनच उंचावर ठेवते.

मुलगी: कोट आहे तरी कुणाचा?

आई: गिऱ्हाइकाचा. माप अगदी तुझं. उंचीला अर्धा इंच कमी, एवढंच.

मुलगी: मग वाकून उभी राहू?

आई: सरळ उभी राहा आणि सरळ उत्तर दे. हॉस्टेलच्या यादीचं काय झालं?

मुलगी: सांगितलं होतं की. नाही लागला नंबर.

आई: बरं. उजवीकडे वळ. हळू. हा कोट हॉस्टेलच्या ऑफिसातल्या बाईंचा आहे.

मुलगी: काय? आई गं! टोचली ना!

आई: हलू नकोस म्हटलं होतं. आणि मला तर परवापासून टोचतंय.

मुलगी: काय म्हणाल्या त्या?

आई: माप घेताना माणसं बोलतातच. हात वर करा, हात खाली करा, तेवढ्यात सगळं ऑफिस सांगून मोकळ्या झाल्या. म्हणाल्या, दुसऱ्या वर्षातल्या एका मुलीला खोली मिळाली आणि तिने चक्क परत केली. अर्ज लिहून. कारण काय, तर आईची नजर अधू झाली आहे, तिला सुईत दोरा ओवता येत नाही, मी घरी नसले तर तिचं काम बंद पडेल.

मुलगी: बाही घट्ट होतेय, आई.

आई: का? आता बाही घट्ट झाली?

मुलगी: नाव सांगितलं त्यांनी?

आई: नाव कशाला हवं? रोज सकाळी बस पकडायच्या आधी वीस सुया ओवून उशीला टोचून जाणारी मुलगी अख्ख्या गावात एकच असणार.

मुलगी: मग तू काय केलंस?

आई: काय करणार! त्यांच्या नाकासमोर चार वेळा सुई ओवली. गरज नसताना. पांढरा दोरा, काळा दोरा, करडा, परत पांढरा. बाई म्हणाल्या, तुमचा हात काय छान चालतो हो. तेव्हा सांगितलं, ती अधू आई म्हणजे मीच.

मुलगी: थापा मारू नकोस. तू दोरा चाटून चाटून ओला करतेस आणि शेवटी मला हाक मारतेस.

आई: चारही वेळा पहिल्याच झटक्यात गेला.

मुलगी: कसा?

आई: ते मागाहून. आधी तू बोल. मागच्या आठवड्यात विद्यापीठात तुला कोण काय म्हणालं?

मुलगी: हेही त्या बाईंनीच सांगितलं?

आई: नाही. त्या दिवशी तू घरी येऊन न सांगता भांडी घासलीस. तेव्हाच कळलं, काहीतरी बिनसलंय.

मुलगी: प्रयोगशाळा साडेसातपर्यंत चालते, आई. माझी शेवटची बस पावणेसहाची. मी पाण्याचे नमुने लावून ठेवते आणि पळते. पुढची निरीक्षणं माझी जोडीदारीण घेते, मी दुसऱ्या दिवशी उतरवून काढते. सर वही बघून म्हणाले, वही तुझी, अक्षर तुझं, डोळे मात्र दुसऱ्याचे. पुढच्या महिन्यापासून संध्याकाळी थांबणार नसशील तर प्रकल्पातून तुझं नाव काढावं लागेल.

आई: आणि हे तू गिळून बसलीस?

मुलगी: सांगून काय झालं असतं? तू म्हणाली असतीस, जा. आणि इथे एकटी डोळे फोडत बसली असतीस. बाबा आठवड्यातून एक दिवस घरी, तोही ट्रकखाली झोपून.

आई: बाबांना मी काल फोन केला.

मुलगी: काय म्हणाले?

आई: म्हणाले, तुम्ही दोघी ठरवाल ते. मग म्हणाले, रेंज गेली. भर बाजारात गाडी उभी होती, मागे भोंगे ऐकू येत होते. कसली रेंज जातेय!

मुलगी: रडले?

आई: मला विचारू नकोस. तो बटणांचा डबा दे इकडे. हात लांब कर, बाही सांभाळ. आता तळाशी बघ.

मुलगी: चष्मा? कुणाचा?

आई: माझा. नव्या नंबरचा. दोन महिने झाले.

मुलगी: दोन महिने! आई, मी रोज पहाटे उठून सुया ओवतेय! काल निळा दोरा सापडत नव्हता म्हणून बस चुकणार होती माझी!

आई: माहीत आहे.

मुलगी: मग बोलली का नाहीस?

आई: आधी वाटलं, आठवडाभराने सांगू. सकाळी तू गेलीस की घर एकदम ओकंबोकं होतं गं. मग एक सुई घ्यायची, शिवायचं, संपली की दुसरी. विसावी संपेपर्यंत तुझी यायची वेळ होते. चष्मा दाखवला असता तर तू जायला मोकळी झाली असतीस. मला नको होतं ते. झालं? आई असले तरी माणूसच आहे मी. लबाड माणूस.

मुलगी: तू ना… कमाल आहेस.

आई: परवा त्या बाईंनी तो अर्ज सांगितला तेव्हा मला माझीच लाज वाटली. माझ्या लबाडीपायी पोरीने हातात आलेली खोली सोडली. तेव्हाच म्हटलं, बाई, मंगळवारी चारला कोट न्यायला या, तोवर ती खोली कुणाला देऊ नका.

मुलगी: मंगळवार? आजच?

आई: दहा मिनिटं आहेत. आता तुला अडवायला घरात काही नाही.

मुलगी: आहे.

आई: काय?

मुलगी: मी. मला भीती वाटते.

आई: कसली?

मुलगी: वर्गातल्या त्या सगळ्या हॉस्टेलात एकत्र राहतात. त्यांचे सगळे विनोद आदल्या रात्रीचे असतात. मी सकाळी बसमधून उतरते तेव्हा हसून झालेलं असतं. मला कुणी वाईट वागवत नाही, पण मधूनच कुणीतरी म्हणतं, अगं तुला माहीत नसेल. अर्जात तुझे डोळे घातले, कारण ते लिहायला सोपं होतं. आता जाऊन मध्येच कशी घुसू? मला इथे आवडतं, आई. मशीनच्या आवाजात झोप लागते मला.

आई: इकडे बघ. उतर खाली. टाचण्या सांभाळ. मला वाटत होतं, मीच तुला धरून ठेवलंय.

मुलगी: मीपण धरलं होतं.

आई: रडू नकोस. कोटावर डाग पडेल, लोकांचा आहे.

मुलगी: तू रडतेयस.

आई: मी माझ्या पदरावर रडतेय.

हॉस्टेलच्या बाई: आहे का कुणी घरात? चार वाजले हो! अगंबाई, हा माझाच कोट ना? हिला माझ्यापेक्षा जास्त शोभतोय.

आई: या. हीच ती.

हॉस्टेलच्या बाई: हीच का! दोन दिवस तुझी खोली मी खणात कुलूप लावून ठेवलीय, पोरी. तुझ्यामागे नऊ जणी रांगेत आहेत आणि पाचला यादी लावायची आहे. हो की नाही, एवढंच सांग.

मुलगी: प्रयोगशाळेतून यायला उशीर झाला तर जेवण मिळतं का, मॅडम?

हॉस्टेलच्या बाई: सांगून ठेवलंस तर झाकून ठेवतात.

मुलगी: आणि शनिवार-रविवार?

हॉस्टेलच्या बाई: शुक्रवारी संध्याकाळी जायचं, रविवारी आठच्या आत यायचं. वहीत सही करून.

मुलगी: आई, तू बोल ना काहीतरी.

आई: तोंडात टाचण्या आहेत.

हॉस्टेलच्या बाई: कुठे आहेत?

मुलगी: नाहीत, मॅडम. ती अशीच करते. हो. मी येते. लिहा माझं नाव.

हॉस्टेलच्या बाई: बरं झालं. खोलीतली दुसरी मुलगी कालच आलीय सामान घेऊन. फार लांबून आलीय, एकटीच बसून असते. सारखी खिडकीशी येऊन मला विचारते, माझ्या खोलीत येणार आहे ती कशी आहे हो? काय सांगू तिला?

आई: सांगा… सकाळी चहा होईपर्यंत हिच्याशी बोलायला जाऊ नकोस म्हणावं. खेकसते.

मुलगी: आई!

आई: आणि झोपेत पांघरूण लाथाडते. तिला मध्येच जाग आली, तर तेवढं हिच्या अंगावर घालायला सांगा.