दोन्हीकडून रातकिडा

सूझन : ...चार नाही गं, तीनच वर्षं. तुझ्या नणंदेचं लग्न झालं आणि वऱ्हाडाची होडी ताइहू तलावाच्या गाळात रुतली, त्या वर्षी तू माझ्या दारात आलीस. पायाला चिखल, हाताला चिंध्या. मला वाटलं, मासळी विकायला आलीय.

हाइथांग : चिंध्या खेकड्यांमुळे, मावशी. सासरची खेकड्यांची तळी. दिवसाला चारशे खेकडे गवताच्या दोरीनं बांधायचे म्हटल्यावर बोटं काय फुलासारखी राहणार?

सूझन : फुलं कोण मागतंय! भरतकामाचं रेशीम तुझ्या बोटाला टेकलं की अडकायचं. सहा महिने तुला तांदळाच्या धुवणात हात बुडवून बसवलं. शेजारणी हसायच्या, म्हणायच्या, सूझननं यंदा शिष्या घेतली नाही, लोणचं घातलंय.

हाइथांग : आणि लोणचं मुरल्यावर म्हणालात, आता धागा फाड. एकाचे दोन, दोनाचे चार, असं करत सोळा. श्वास सोडला की सोळावा उडून जायचा. मी रडायचे.

सूझन : रडणारीच्या सुईला गंज चढतो, असं मी तुला सांगितलं होतं.

हाइथांग : ते खोटं होतं ना?

सूझन : साफ खोटं. पण रडणं थांबलं की नाही? बरं, या रातकिड्याच्या मिशीला धाग्याचा कितवा भाग वापरलास?

हाइथांग : अठ्ठेचाळिसावा. दिसतच नव्हता. बोटाला जाणवला तेवढ्यावर भरला.

सूझन : हं. मिशी चांगली आहे. मिशीबद्दल माझं काही म्हणणं नाही.

हाइथांग : मावशी, आबांनी खोट काढली तर?

सूझन : तर काय? आपलं ठरलंय. पेइआबा साठ वर्षं रातकिडे पाळतायत, झुंजवतायत. त्यांनी हा पसंत केला तर याच्या कोपऱ्यात तुझं नाव. नाही केला तर माझं नावही नाही, अन् तुझंही नाही.

हाइथांग : आणि मी नव्या वर्षापासून तळ्यावर. सासूबाईंनी बजावलंय. म्हणाल्या, तीन वर्षं सुईला दिली, चौथं खेकड्यांचं. घरात बसून किडे काढणारी सून आम्हाला परवडत नाही.

सूझन : तुझ्या सासूला कळणार कसं? तिला फक्त दहा पाय असलेलंच जनावर ओळखता येतं. गप्प बस आता. काठी वाजली दारात.

पेइआबा : मास्तरीणबाई, चहा ठेवा! ताजा ठेवा, मागच्या वेळचा पुन्हा उकळू नका. आणि ही घ्या वडी. चिकट तांदळाची आहे. लेकीनं केलीय, दात सांभाळा.

सूझन : दात आहेत अजून माझे, पेइदादा. तुम्ही डोळे सांभाळा. आज डोळ्यांचं काम आहे.

पेइआबा : डोळ्यांना काय झालंय? झोपेत असलो तरी रातकिडा ओळखेन. कुठाय तो? ही पोर अशी पांढरी का पडलीय? हाइथांग, तू आजारी आहेस का?

हाइथांग : नाही आबा. खिडकीपाशी आहे. या, इकडून. उजेड मागून येऊ द्या.

पेइआबा : थांब, चष्मा... हं. हं. डोकं मोठं. बरोबर, त्याचं डोकं मोठंच होतं. मान रुंद. काळा रंग कशानं भरलास?

हाइथांग : काळा वापरलाच नाही. खाली तपकिरी, त्यावर वांग्याचा जांभळा, वर हिरव्याचे चार टाके. तुम्ही तुमचा जिवंत रातकिडा परत नेण्याआधी चाळीस दिवस माझ्याकडे ठेवायला दिलात ना, तेव्हा पाहिलं. उन्हात नेला की काळा राहायचाच नाही.

पेइआबा : मागच्या मांडीवरचे काटे?

सूझन : मोजा.

पेइआबा : मोजतोच आहे. तुम्ही बोलू नका मध्ये... बरोबर. शेपटीची दोन्ही टोकं, बरोबर. डाव्या मिशीला जरा बाक. पोलादमिशा! तोच आहे हा. त्या शांग्शीच्या काळ्या किड्याशी झुंजला तेव्हा अशीच उचलली होती मिशी. हल रे जरा. हल की.

सूझन : अहो! अहो दादा, हे काय करताय? ती गवताची काडी आत ठेवा! रेशमाला टोचेल!

पेइआबा : आं? अरे हो. सवय. त्याला डिवचायला खिशातून आपोआप निघते.

हाइथांग : आबा, तुम्ही चित्राला डिवचत होतात!

पेइआबा : हस, हस. इतकी हुरळू नकोस. मी कुठं पसंत म्हटलंय? एक बाजू झाली. आता गंमत बघा. मास्तरीणबाई, तुम्हीही बघा.

सूझन : कसली गंमत?

पेइआबा : ही दोन्हीकडून दिसणारी भरतकामं तुम्ही करता ना, त्यातले तीन रातकिडे आजवर माझ्याकडे आले. तिन्ही मी परत पाठवले. तिन्ही एका बाजूनं रातकिडे आणि दुसऱ्या बाजूनं भलतंच काहीतरी. का, ते मी कुणालाच सांगितलं नाही. म्हटलं, ज्याला दिसेल त्याला दिसेल. फिरवतो हं चौकट.

(पेइआबा चौकट फिरवतात आणि वाकून पाहतात.)

सूझन : दादा, काय ते बोला. पोरीचा जीव टांगणीला लागलाय.

पेइआबा : उजवा वर.

सूझन : काय उजवा?

पेइआबा : उजवा पंख वर, डावा खाली. या बाजूनंही! अहो, रातकिड्याचा उजवा पंख नेहमी डाव्यावर असतो. हजारात एखादा उलटा. तुमचा टाका कापडापार जातो, म्हणजे पलीकडून सगळं उलटं दिसणार, आरशात दिसावं तसं. तिथं डावा वर येणार. यायलाच हवा! मग इथं का नाही आला?

सूझन : नाही कसा? आखून मीच दिलंय. एकच टाका, दोन्ही बाजूंना उमटणार. चाळीस वर्षं मी मांजरं केली, सोनमासे केले... हाइथांग. माझ्याकडे बघ. तू काय केलंस?

हाइथांग : तुमची आखणी मोडली, मावशी. फक्त पंखांपुरती.

सूझन : कधी?

हाइथांग : तुम्ही दुपारी डोळा लावता तेव्हा. दोन महिने.

सूझन : माझ्या घरात! माझ्या चौकटीवर! आणि मी घोरत होते!

पेइआबा : मास्तरीणबाई, आधी ऐकून तर घ्या. पोरी, तुला कळलं कसं?

हाइथांग : घरी रातकिड्याचं मडकं कपाटाच्या आरशापुढं तिरकं ठेवलं होतं. एकदा आरशातच बघत राहिले, आणि वाटलं, हा आपला पोलादमिशा नाही. कुणी परकाच बसलाय. पुष्कळ वेळ कळेना काय चुकतंय. मग पंख दिसले. मग वाटलं, आपल्या कापडाच्या पाठीवरही हा परकाच बसणार.

सूझन : अक्षरं उलटी उमटतात हे मला ठाऊक आहे. म्हणून नाव मी एकाच बाजूला घालते. पण किड्याला उजवं-डावं असतं, हे... पुढं सांग. टाका कसा घेतलास?

हाइथांग : पंखांच्या जागी आधी दोन्हीकडून पातळ अस्तर भरलं. मग त्या अस्तरातच सुई आडवी घालून या बाजूचे पंख भरले, चौकट फिरवली, त्या बाजूचे भरले. सुई कापडापार जाऊच दिली नाही. तरी अकरा वेळा पार गेली. अकरा वेळा उसवलं.

सूझन : दे ती भिंगाची काच... गाठ कुठाय?

हाइथांग : नाही.

सूझन : टोकं कुठं लपवलीस?

हाइथांग : पंखाच्या शिरेखाली.

सूझन : शिरेखाली. अगं, मला विचारायचं होतंस!

हाइथांग : तुम्ही नाही म्हणाला असतात.

सूझन : म्हणालेच असते! कापड वाया जाईल म्हणाले असते. थांबा. पेइदादा, माझ्या बैठकीत मधोमध टांगलेला रातकिडा. कोबीच्या पानावरचा. तोही...?

पेइआबा : चहा झाला का बघा.

सूझन : चहा जाऊ दे चुलीत. तोही?

पेइआबा : मास्तरीणबाई, तीस वर्षं मी तुमच्याकडे येतो. दाराकडच्या खुर्चीवर कधी बसलोय मी? नेहमी खिडकीकडच्या. तिथून तो रातकिडा असतो.

सूझन : तीस वर्षं! आणि मी समजायची, म्हाताऱ्याला वारा लागतो म्हणून खिडकीशी बसतो. हाइथांग, तुला तरी दिसलं होतं?

हाइथांग : हो. आरशातलं कळल्यावर त्याच दिवशी जाऊन पाहिलं.

सूझन : आणि बोलली नाहीस.

हाइथांग : मावशी, लग्नाच्या त्या गडबडीत होडी काढायला माणसं शोधत फिरले, तेव्हा तुमच्या खिडकीतून तो दिसला. माणसं विसरले मी. तोच बघून आले इथं. त्याला कसं नावं ठेवू?

सूझन : ...स्टूल घे.

हाइथांग : कशाला?

सूझन : त्याला उतरवायला. त्या खिळ्याला आता हा. आणि दाराकडून लाव, येणाऱ्याला ही बाजू दिसेल असा. दादा, तुम्ही आज दाराकडच्या खुर्चीवर बसा. आणि तोंडानं सांगा. मला ऐकायचंय.

पेइआबा : पसंत! पसंत, पसंत! अजून ओरडू का? रस्त्यावर जाऊन ओरडतो. हिच्या सासूच्या दारात जाऊन ओरडतो. चार पायांवर धावणारा, दोन मांड्यांनी उडणारा, दोन्हीकडून खरा! साठ वर्षांत पहिला!

हाइथांग : आबा, हळू. मावशी... लाल धागा कुठल्या डब्यात असतो?

सूझन : घाई झाली ना बाईला! हा घे. चौकोनी शिक्क्यासारखं नाव घाल. आणि ऐक, माझ्यासारखं एका बाजूला नाही. पंख जसे केलेस तसंच. तुझं नाव दोन्हीकडून सरळ वाचता आलं पाहिजे.

हाइथांग : दोन्हीकडून. बरं. तळ्यावर निरोप पाठवते, येत नाही म्हणून.

सूझन : निरोप मी पाठवते. माझ्या तोंडून तुझी सासू नीट ऐकेल. नावाखाली तारीखही लागते. कुठली घालशील? भरून झाला ती? की आजची?

पेइआबा : मी सांगू का? मी मुद्दामच बोललो नव्हतो. म्हटलं, तुझं काम अर्धं आहे, टाका चुकेल. दहाव्या महिन्याची चार तारीख घाल, पोरी. त्या पहाटे पहिल्यांदा दव गोठलं, आणि पोलादमिशा गेला.