कलम सात : पोतं चाखणे

दमयंती : देवाशपथ, आईशपथ, बसल्या जागी माझी जीभ झडली तरी चालंल, पण अक्षर न् अक्षर खरं हाय! दौलताबादच्या किल्ल्यातल्या अंधारीतून, त्या काळ्याकुट्ट भुयारातून हत्ती गेला. रांगत गेला.

कालिंदी : आजी, मी खेळाचे नियम लिहितेय. हत्ती रांगतो असं नियमात कसं लिहू?

जैतुनबी : नक्को लिखो. पन्नास वर्षं झाली, मी हेच बोलरी. हत्ती खंदकापाशी थांबतो. अब्बांनी सांगितलेलं, मोठं बटन म्हणजे हत्ती, अन् हत्ती अंधारीत घुसत नाय.

दमयंती : तुझ्या अब्बांनी हत्ती बघितलाच कुठं होता आपल्या पिशोर गावात?

जैतुनबी : अन् तू बघितला? रांगताना?

कालिंदी : ऐका ना दोघी! नानी, उद्या सकाळी तुमची गाडी आहे. फारूखमामा तुम्हाला हैदराबादला कायमच्या नेणार. गडाचा एक पट तुमच्याकडं, एक आजीकडं, अन् चाली फोनवर. तर दोघींकडं एकसारखे नियम नकोत का? इतक्या वर्षांत एक ओळ लिहिलेली नाही तुम्ही.

जैतुनबी : म्हणून तर बसले. आधीच बोलून ठेवते, कालिंदी, नियम पक्के झाले तरच खेळ. नाय तर बटनं, पोती सगळं इथं ठेवून जाते. वेढा खतम. समोर बसून ही फसवती, फोनवर काय करंल?

दमयंती : मी फसवते? मी?

कालिंदी : वाचते. कलम एक. एकीचा गड, एकीचा वेढा. कलम दोन. चिंचोके टाकायचे, जितके पांढरे पडतील तितकी घरं वेढा पुढं. बरोबर?

जैतुनबी : हौ.

कालिंदी : कलम तीन. गडावर सात पोती. दर डावाला गडवालीनं एक पोतं संपवायचं.

दमयंती : एकादशी सोडून.

कालिंदी : हे कुठून आलं?

दमयंती : एकादशीला गडावर कोण जेवतंय?

जैतुनबी : तर मग रमजानात बी दिवसा पोतं उघडायचं नाय. हे हिनं कबूल केलतं, जायकवाडीचं धरण भरलं त्या साली.

कालिंदी : थांबा. एकादशी कलम चार. रमजान कलम पाच. अन् रमजानात एकादशी आली तर?

जैतुनबी : तर दोघी उपाशी. वेढा तिथल्या तिथं.

दमयंती : असं कसं? फराळाचं चालतं. भगरीचं पोतं असतं की.

कालिंदी : म्हणजे आठवं पोतं?

दमयंती : व्हय.

जैतुनबी : हौ, आठवं.

कालिंदी : बरं. गडावर आठ पोती...

जैतुनबी : सात!

दमयंती : सातच गं. लक्ष कुठं हाय तुझं?

कालिंदी : आत्ता तुम्ही दोघी आठ म्हणालात!

दमयंती : आठवं मोजायचं नाय.

कालिंदी : कलम सहा. आठवं पोतं आहे, पण मोजायचं नाही. देवा! मला आता पाणी द्या कुणीतरी.

जैतुनबी : पी, पी. पुढं सोपं हाय. बघ, ही बोटाएवढी पोती अब्बांच्या हातची. चार पोत्यांत ज्वारी भरायची, तिनांत मीठ. अब्बा सांगायचे, दौलताबादला वेढा पडला त्या जमान्यात गडावर धान्य म्हणून चढवलेल्या पोत्यांत मीठ निघालं, अन् गड पडला. तर गडवाली पोतं काढून म्हणती, "ज्वारी". तोंड बांधलेलंच. पटलं तर पुढं चला. नाय पटलं तर वेढेवालीनं सोडून चाखायचं. पुऱ्या खेळात एकदाच. मीठ निघालं, गड पडला. ज्वारी निघाली, वेढा पाच घरं मागं.

कालिंदी : हे चांगलंय. कलम सात, पोतं चाखणे. पण नानी, फोनवर चाखणार कसं?

जैतुनबी : वोईच तो!

दमयंती : त्यात काय? मी सांगंन की काय निघालं ते.

जैतुनबी : तू? हत्तीला रांगवणारी तू?

कालिंदी : मी चाखते ना. इकडची पोती मी, तिकडची अनवरीमामी.

जैतुनबी : तू हिची नात. अन् अनवरी माझी सून. मला हरवायला ती न चाखताच मीठ म्हणंल.

कालिंदी : तसंही तुम्हाला बीपी आहे. डॉक्टरांनी मीठ बंद सांगितलंय. मग काढूनच टाकू ना हे कलम.

जैतुनबी : खबरदार! हत्ती काढ, एकादशी काढ, सगळं काढ. ते नाय काढायचं.

कालिंदी : का पण?

जैतुनबी : दमे, तू हिला सांगितलं नाय?

दमयंती : लई वेळा सांगितलं असंल. ही ऐकती कुठं?

जैतुनबी : मग मी सांगते. अठ्ठेचाळीस साल. पोलीस अॅक्शन झाली तो आठवडा. आमच्या लोकांच्या घरांवर माणसं चालून येत होती. हिच्या आईनं आम्हा पाच जणांना धान्याच्या खोलीत घातलं, बाहेरून कडी लावली. आठ दिवस. अब्बा शिंपी. आम्ही रडू नये म्हणून कोटाच्या अस्तरावर त्यांनी दोऱ्यानं गड काढला. ही आत येऊन खेळून जायची. पाचव्या दिवशी अंगणात चार माणसं, हातात कुऱ्हाडी. घरात मोठं कोणी नाय. ही एकटी, नऊ वर्षांची.

दमयंती : विचारलं, त्या खोलीत काय हाय? मी म्हणलं, मिठाची पोती. खेळातलंच तोंडात आलं बघ. तर एकजण पुढं आला. ओसरीवर एक पोतं होतं, त्यात बोट घातलं, चाखलं, अन् असा थुंकला, असा थुंकला, की कोंबड्या उडून पार कौलावर!

जैतुनबी : अन् त्याच टायमाला आत मुबारक खोकला. माझा भाऊ, दोन वर्षांचा. अम्मीनं तोंड दाबलं, पण खोकला तो खोकलाच. त्याच्या थुंकण्यात ऐकू गेला नाय, म्हणून आम्ही वाचलो. दुसऱ्या दिवशी अब्बांनी हे कलम घातलं. बोलले, "बेटा, आपण एका चाखण्यावर जिंदा हाय." आता बोल, काढती?

कालिंदी : नाही, नानी. नाही काढत. पण मग फोनवर कसं...

जैतुनबी : फोनवर होत नाय, तर खेळ बंद. ठेव ती पोती डब्यात. माझं सामान बांधायचं राहिलंय.

(दमयंती एक पोतं उचलते, बराच वेळ बोटांत फिरवत राहते.)

दमयंती : कालिंदे, कलम सात खोड.

जैतुनबी : दमे!

दमयंती : खोड म्हणते ना. अन् लिही, गडवाली सांगंल ते वेढेवालीनं मानायचं.

कालिंदी : आजी, मग गडवाली कायम ज्वारीच म्हणणार, गड पडणारच नाही कधी. खेळ संपायचा कसा?

दमयंती : नाय संपला तर तुझं काय जातंय?

जैतुनबी : अब्बांचं कलम हाय ते! तुला हात लावू देणार नाय मी.

दमयंती : तुझ्या अब्बांनी मी सांगितलं ते ऐकून घातलं गं. जैतुन, सगळं खरं हाय. चार माणसं खरी, कुऱ्हाडी खऱ्या, मी मीठ म्हणलं ते खरं. हत्ती बी खराच. फक्त चाखलं नव्हतं कोणी.

जैतुनबी : क्या बोलरी तू?

दमयंती : ओसरीवर पोतंच नव्हतं. बोट, थुंकणं, कोंबड्या, ते मी खोलीत येऊन तुम्हाला सांगताना घातलं. तुम्ही सगळे असे बघत होतात माझ्याकडं, मी रंगत गेले.

जैतुनबी : मग... मुबारकचा खोकला?

दमयंती : ऐकला, त्या पुढच्या माणसानं.

जैतुनबी : ऐकला?

दमयंती : मला आला तेवढाच त्याला ऐकू आला. त्यानं कडीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. अन् मागच्या तिघांना म्हणाला, "मीठच हाय. चला."