शेवटचे पेढे

नातवाला, गंधारला, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला म्हणून श्रीनिवासराव नारायण पेठेतल्या दुकानात पेढे घ्यायला आले होते. दुकानदार पेढे तोलत होता. मागे एक बाई आणि त्यांची मुलगी बोलत होत्या.

"आई, पेढे नको. बर्फी घे."

"ॲडमिशनचे पेढेच वाटतात."

"पेढे दिले की कुठे मिळाली ते विचारतात. बर्फीला कोणी विचारत नाही."

"मग सांगायचं, इंजिनिअरिंग हुकलं, बीएस्सीला मिळाली."

"तूच सांग. मी नाही येणार वाटायला."

"अहो, अर्धा किलो पेढे द्या."

"संपले. शेवटचे या आजोबांनी घेतले. आज सगळ्या पेठेलाच कॉम्प्युटर मिळालंय."

"तुमच्याकडेही कॉम्प्युटर का, आजोबा?"

श्रीनिवासरावांनी पुडा पिशवीत टाकला.

"छे गं. नातवाचा वाढदिवस आहे."