अंकितची पिवळी ओळ

नाही, तुम्हीच सांगा, यादीतल्या नावावर बोट ठेवलं की ती ओळ राखाडी होते, यात माझा काय गुन्हा? फोनच मुळात तसा रंग देतो! देवासच्या वधू-वर मेळाव्याचं ॲप या श्रीपादनं फुकटात केलं, धार गावची स्थळं धरून तीनशे नावं एकेक भरली, त्यांत हळूच स्वतःचंही भरलं... आणि मेळावा भरवणाऱ्या कमलमावशी काय म्हणतात? "अरे, बोट लावलं की स्थळावर राख पडल्यासारखं दिसतंय रे! धारच्या समाजाचं ॲप बघ, त्या अंकितनं केलंय, बोट लावलं की हळद लागते!" हळद! त्याची पिवळी, माझी राखाडी!

तुम्हाला सांगतो, जळलो. खोटं कशाला बोलू? हा अंकित कॉलेजात माझ्याच वहीतून उतरवून पास झालेला! आणि आता गुंजनसुद्धा... गुंजन म्हणजे आमच्या गल्लीतली, बँकेत असते, हे ॲप मी कोणासाठी केलं असं वाटतं तुम्हाला? समाजासाठी? हॅ! तर गुंजनसुद्धा म्हणते, "काय मस्त पीला रंग टाकलाय ना अंकितनं!"

मग बसलो. तीन दिवस! ओळीमागे पिवळा रंग टाकला तर अक्षरं गायब, अक्षरं आणली तर फोटोही पिवळे, सगळी मुलं कावीळ झाल्यासारखी! आई म्हणते, "दोन घास खाऊन घे रे." खाऊ कसा? त्याची पिवळी, माझी राखाडी! शेवटी जमलं हो. अस्सल हळद, कडेला कुंकवाची रेघ! आणि अंकितची हळद बोट उचललं की पुसली जायची... माझी? एकदा लागली की लागली! खरी हळद काय लगेच उतरते?

मेळाव्यात गुंजन स्वतः माझ्याकडे आली. फोन पुढे केला. मी कॉलर नीट केली. "बघ ना यार, एका नावावर हात लागला, आता रंग जातच नाहीये, आई बघेल ना!"

बघितलं. दोनशे नव्व्याण्णव ओळी पांढऱ्या, एकच पिवळीधमक. अंकित, धार.

"पण सुंदर दिसतंय हं," ती लाजून म्हणाली, "कमाल केलीस, श्रीपाद भिया!"

भिया!

म्हणजे भाऊ! पुसून दिली हो तिची हळद, आपल्याच हातानं. फोन परत दिला, ती चार पावलं गेली, आणि तिनं पुन्हा तिथेच बोट लावलं... काय करणार? रंगच इतका छान आला होता.