मिरच्यांची पोती उतरवल्यावर

लेस्कोवात्स शहरातल्या एका गॅरेजात मिलेवा तान्ह्याला मांडीवर घेऊन आपल्या गाडीची वाट बघत बसली होती. समोर म्हाताऱ्या रादोयेकाकांनी मेकॅनिक स्लाजानला गाठलं होतं.

"लवकर बघ रे. परवा नात झालीय मला. उद्या निशच्या हॉस्पिटलातून घरी आणायचीय."

"अभिनंदन, काका. गाडी किती पळालीय?"

"पावणेचार लाख किलोमीटर. पण शॉकअप ठणठणीत. हे बघ, मागून कितीही दाबली तरी हलत नाही."

"डिकीत काय भरलंय?"

"लाल ढोबळ्या मिरच्या. आठ पोती. सप्टेंबरात कुणाच्या डिकीत नसतात?"

"उतरवा."

"अरे, तिकडे तुझी काकू हिवाळ्याच्या चटणीसाठी त्या भाजायला चूल पेटवून बसलीय."

"बसू दे. ओझ्याने गाडी बूड टेकून बसलीय, ती हलेल कशी?"

पोती उतरली. स्लाजानने गाडी मागून जोरात दाबली आणि सोडली.

"मोजा आता."

"एक... दोन... तीन... अरे, ही तर लग्नातल्यासारखी नाचतेय."

"एकदा वर येऊन थांबायला हवी. शॉकअपमधून तेलही ओघळलंय. तुमच्या घाटातल्या वळणावर मागून घसरेल."

"मग बदल की. आजच बदल. चारही बदल."

"पुढचे चांगले आहेत, काका. मागची जोडी पुरे."

"आणि नातीने पुढे बसायचा हट्ट धरला तर?"

"पोरगी दोन दिवसांची आहे. कायद्याने पुढे बसायला अजून बारा वर्षं आहेत."

"मग बारा वर्षं टिकतील असे घाल."