बर्फाशिवाय घातलेली बॅच

नाव व पत्ता वर घेतला आहे. वय अडुसष्ट, धंदा : टेलिफोन खात्यातून निवृत्त. समक्ष विचारल्यावरून सांगते की,

मी मुलीसोबत राहते. ती रंगाच्या कारखान्यात केमिस्ट आहे. कापडाचा नारिंगी रंग तिथे पूर्वी दोन टाक्यांत, दोन टप्प्यांनी होत असे. तो एकाच भांड्यात करण्याची रीत मुलीने बसवली. अट एकच : भांडे बर्फाने गार ठेवायचे. तापले तर आतून वायू सुटतो आणि झाकण उडते. हवालदार म्हणाले, "आजी, जरा सोपं करून सांगा." याहून सोपे करून मुलीने मालकांना सांगितले होते.

काल दुपारी तिचा फोन आला. "आई, बर्फाची गाडी आलीच नाही. मी नको नको म्हणत असताना मालकांनी बॅच घालायला लावली. भांडं तापतंय. मिळेल तेवढा बर्फ आण."

मी म्हटले, "तू आधी बाहेर ये."

"मुकादमकाका आणि मी पाणी सोडतोय. फुटलं तर अख्खी शेड जाईल. आई, वाद नको, आण."

घरचा, शेजारचा आणि कोपऱ्यावरच्या सरबतवाल्याचा बर्फ बादलीत भरून मी गाडी करून गेले. त्या भांड्यापुढे तो म्हणजे दर्यात खसखस, हे मला कळत होते.

गेटवर वॉचमनने अडवले. "पास दाखवा."

"बर्फाला पास लागतो?"

"माणसाला लागतो, बाई. थांबा, आत विचारतो."

नन्सच्या शाळेत शिकल्यामुळे मी शिव्या देत नाही. काल दिल्या. तो फोन लावत असतानाच आवाज झाला. बर्फ अजून वितळला नव्हता.

मालक म्हणतात, मुलीने परस्पर बॅच घातली. स्वतःच्या मर्जीने घालणारी बाई आईकडे बर्फ मागत नाही. या कागदावर 'अपघात' असे लिहिले होते, ते मी खोडायला लावले. मुलीच्या वॉर्डाबाहेर शिपाई बसवला आहे. तो मालकांच्या दारात बसवावा.

मुलीच्या डोळ्यांवर पट्टी आहे. हात कोपरापर्यंत नारिंगी आहेत. शुद्धीवर येताच तिने विचारले, "मुकादमकाका बाहेर आले ना?" मी हो म्हणाले. बाहेर चहा पीत बसलेत, असेही म्हणाले. मुकादमांचे प्रेत ओळखायला मीच गेले होते.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे. मुलीला तो इतक्यात वाचून दाखवू नये. ही माझी विनंती आहे.