पांढऱ्या कॅनमधलं पेट्रोल

मी मूळचा टोकावड्याचा, गॅरेज मात्र इथं शहापूरला, हायवेला लागून. माजे बाबा भाताच्या गिरणीवर इंजिन चालवायचे, आणि काय सांगू तुमाला, त्या इंजिनच्या आवाजातच आमी जेवलो, झोपलो, अभ्यास केला. बाबा जेवता जेवता घास हातात धरून थांबायचे आणि बोलायचे, ऐक रे, टोकतंय. मला सुरुवातीला कायच ऐकू यायचं नाय. मंग हळूहळू यायला लागलं, त्या धुसधुशीच्या आत एक बारीक टकटक. दहावी झालो, कल्याणला एका उस्तादाकडं काम शिकलो, पण खरं शिक्षण ते, गिरणीतलं.

आता टकटक म्हंजे काय ते सांगतो, तुमी लिवून घेताय तर नीट लिवा. पिस्टन वर येतो, प्लग ठिणगी टाकतो, पेट्रोल पेटतं, पिस्टन खाली जातो. पण पेट्रोल हलकं असलं की ते दम धरत नाय, दाब वाढला की आपलं आपणच पेटतं, आणि वर येनाऱ्या पिस्टनच्या डोक्यात हातोडा बसतो. साधी गाडी हे सोसते. टर्बोवाली सोसत नाय, कारन टर्बो हवा ठासून भरतो, दाब आधीच जास्त. त्यात ती ट्यून केलेली असली, म्हंजे लॅपटॉप लावून आणखी जोर काढलेला असला, तर तिला दम धरनारं, महागातलं पेट्रोलच लागतं. त्यात तडजोड नाय म्हंजे नाय.

तर माजी धाकटी बहीण सुनंदा, वाशिंदच्या आत एका गावात दिलेली. दाजी कंपनीत आहेत, मानूस चांगला, पण गाडीचं वेड. टर्बोची गाडी घेतली आणि माज्या मागं लागले, ट्यून करून द्या. मी ओळखीच्या लॅपटॉपवाल्याकडं नेऊन करून दिली. दाजींना तीनदा सांगितलं, पेट्रोल फक्त हेच, दुसरं नाय. दाजी बोलले, लेकरासारखी जपीन.

दसऱ्याला ते सगळे सोनं द्यायला आमच्या टोकावड्याच्या घरी आले आणि तसेच पुढं माळशेजला फिरायला गेले. घाटात अर्ध्यावर गाडी टकटकायला लागली, दाजींनी गाणी लावलेली, त्यांना कळलंच नाय, पाय दाबत राहिले. मंग निळा धूर आणि गाडी बसली. टो करून माज्या दारात आणून सोडली आणि दाजी बोलले, तुमी ट्यून केली, तुमीच तिची वाट लावली, आता आपलं नातं गेलं घाटात. सुनंदा मागं उभी, मान खाली. दोन दिवसांनी तिचा फोन आला, दादा, भाऊबीजेला मला पाठवनार नाय बोलतायत. आमी दोघंच भावंडं हो. आय-बाबा गेल्यापासनं एक भाऊबीज चुकली नाय आमची. मला जाम लागलं ते. मी ठरवलं, खोट कुठं आहे ते काढीन तेव्हाच बसेन.

इंजिन खोललं. एका पिस्टनची कड तुटलेली, जिथं रिंग बसते तिथं. म्हंजे हातोडाच, आणि तो हलक्या पेट्रोलचा. टाकी उतरवली, बाटलीत पेट्रोल काढलं. दाजी बोलले होते की जाताना मुरबाडच्या पुढं रस्त्यावरच्या पंपावर थोडंसं टाकलं, म्हंजे चोर तो पंप. बाटली घेऊन गेलो पंपावर आणि असा तापलो, असा तापलो, काय विचारू नका. तो पंपवाला शांत मानूस. त्यानं पेट्रोल तपासायचा टिपकागद काढला, ठेवावाच लागतो त्यांना, त्यावर आपल्या पाइपातला एक थेंब टाकला. थेंब उडाला, कागद कोरा. मंग बोलला, आता तुमच्या बाटलीतला टाका. टाकला. उडाला, पण मागं डाग राहिला, तेलकट, हिरवट.

तो डाग मी लगेच ओळखला. तो हिरवा रंग माज्या गॅरेजच्या फळीवरचा आहे हो. भात कापायच्या मशीनच्या पेट्रोलात मिसळतात ते तेल, आणि ते पडलं की पेट्रोल दम धरत नाय. आमच्याकडं आता विळ्यानं कोन कापतो, खांद्याला मशीन अडकवतात, आणि तिला पेट्रोलात तेल मिसळूनच द्यावं लागतं. दरवर्षी दसऱ्याच्या आधी सुनंदाच्या सासऱ्यांना पाच लिटरचा पांढरा कॅन मीच मिसळून देतो. तिथनंच सुनंदाला फोन लावला, विचारलं, तो कॅन गाडीत ओतला काय. ती बोलली, हो दादा, निघताना इकडच्या पंपावर दसऱ्याची रांग होती, नव्या गाड्या, पूजा, हार, म्हणून मीच ओतला तो कॅन, यांना बोलले, दादानं दिलेलं पेट्रोल आहे. मी तेलाचं सांगितलं तशी घाबरली. आणि बोलली, दादा, तेल होतं त्यात ते घरी सांगू नको, मी ओतलंय.

खरं सांगतो, वाट सोपी होती. खोट पेट्रोलात आहे असं मी कळवल्यापासनं दाजी त्या पंपाचा व्हिडिओ मोबाईलवर टाकायला निघालेच होते. मी बोललो असतो, पंपावरचंच पेट्रोल खराब, तर सुनंदा सुटली असती, मीपन सुटलो असतो. पन कॅन दिला कोनी? कॅनवर तेलाची निशानी न करता दिला कोनी? गेलो तसाच त्यांच्या घरी. सासरे ओटीवर, दाजी दारात. सुनंदाकडं बघितलं नाय मी. बोललो,

"दाजी, इंजिन मी मोडलं. ट्यून करून नाय, कॅन देताना तोंड उघडलं नाय म्हणून. सुनंदाला काय बोलू नका, ती भावाच्या भरवशावर गेली."

आणखी बोललो, भाऊबीजेच्या आत गाडी उभी करतो, तवर मला घरात बोलावू नका. आणि उभी केली. नवा पिस्टन, नव्या रिंगा, टाकी धुतली, एक एक बोल्ट मी आवळला, दुसऱ्या कोनाला हात लावू दिला नाय. मंग चांगलं पेट्रोल भरून एकटा माळशेज चढलो, काचा बंद, गाणी बंद, बाबा घास धरून थांबायचे तसा श्वास धरून. कायच टोकलं नाय. वर पोचल्यावर मी रडलो, लाजायचं काय त्यात.

भाऊबीजेला सुनंदा त्याच गाडीतनं आली. तिनं मला ओवाळलं. दाजी पाटाशेजारी उभे, मी ताटात ओवाळणी टाकली तेव्हा एवढंच बोलले, कॅन आनलाय, भरून द्या, यंदाचं भात कापायचं अजून राहिलंय थोडं.

आता माज्या गॅरेजमधनं कॅन निघतो तो गळ्याला लाल चिंधी बांधूनच, आणि घेनाऱ्याकडनं मी तोंडानं वदवून घेतो, यात तेल आहे. लोक हसतात, हसू दे. दाजी घाट चढले की वरनं फोन करतात. इकडचं तिकडचं बोलत नाय, इंजिन चालू ठेवून फोन बॉनेटवर धरतात. मी हातातलं काम थांबवून ऐकतो. टकटक नाय, गप असतं. तुमचंपन असंच गप चालू दे, सुखानं जावा.